तिथले दुपारचे तीन

तळोज्यात शनिवारी रात्री साडेसातला, हिवाळ्यात साडेआठला, प्रीमियर लीगचा सामना लावून बसणाऱ्याला एक गोष्ट सहसा ठाऊक नसते: तोच सामना इंग्लंडमधल्या घरात थेट दिसत नाही. तिथे तेव्हा दुपारचे तीन वाजलेले असतात आणि शनिवारी पावणेतीन ते सव्वापाच थेट प्रक्षेपणाला मनाई असते. १९६०च्या दशकात बर्नली क्लबचे अध्यक्ष बॉब लॉर्ड यांनी हा आग्रह धरला. बडे संघ घरबसल्या दिसू लागले, तर गावातल्या छोट्या क्लबचं तिकीट काढणार कोण, ही त्यांची काळजी होती आणि ती मला रास्त वाटते. म्हणूनच या शनिवार-रविवारी काय पाहायचं हे ठरवताना यादीत जवळचं मैदानही हवं.

कुणी म्हणेल, आपल्याकडे तो दर्जा कुठे? दर्जातला फरक खराच आहे. पण नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर २५ ऑक्टोबर २०१७ रोजी सतरा वर्षांखालील विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात स्पेनकडून खेळलेला फेरान टोरेस तीनच वर्षांत मँचेस्टर सिटीत होता. शिवाय गर्दी केवळ दर्जावर जमत नाही. कोल्हापुरात पाटाकडील तालीम मंडळाचा फुटबॉल संघ मैदानात उतरला की शाहू स्टेडियम भरतं, कारण तो संघ आपल्या पेठेचा असतो. त्याच कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७च्या विश्वचषकात भारताकडून खेळला. आणि वेळेची अडचण म्हणाल, तर जवळच्या मैदानावरचे पोरांचे सामने सकाळीच आटोपतात. इंग्लंडची शिट्टी वाजायला तेव्हा बराच अवकाश असतो.