आधी काय लिहायचं? हापूसच्या वेबसाइटबद्दलचे चार गैरसमज

देवगडचा बागायतदार वेबसाइट काढतो, तेव्हा विषयांना तोटा नसतो: पेटीचा भाव, अस्सल हापूसची ओळख, अढीत पिकवणं, साका (गरातला दोष), जीआय (भौगोलिक) मानांकन. अडतं ते 'आधी काय?' इथे. आणि नेमके तिथेच ऐकीव सल्ले आडवे येतात.

गैरसमज : ज्याचा शोध सर्वाधिक, तो उपविषय पहिला.
वस्तुस्थिती : 'आंबा' शोधणाऱ्यांत निबंध लिहिणारा विद्यार्थीही असतो. 'देवगड हापूस पेटी भाव' शोधणारे थोडे, पण त्यांना पेटीच घ्यायची असते. शिवाय गूगल कीवर्ड प्लॅनरमध्ये ठळक दिसतो तो मासिक सरासरीचा आकडा. ऐन हंगामातली मागणी बारा महिन्यांवर विभागली, की ती किरकोळ वाटू लागते. खरा चढउतार गूगल ट्रेंड्सच्या आलेखात पाहावा.

गैरसमज : प्लॅनरमध्ये 'स्पर्धा कमी' दिसली, की उपविषय सोपा.
वस्तुस्थिती : ती स्पर्धा जाहिरातदारांची असते. नेहमीच्या निकालांत कोण ठाण मांडून बसलंय, हे बघायचं तर तो शब्द स्वतः शोधून वरची पानं वाचावीत. साका बाहेरून ओळखता येत नाही, हे तिथे कुणी धड सांगितलं नसेल आणि कापलेल्या फळाचा फोटोही नसेल, तर तो उपविषय बागायतदाराने आधी घ्यावा.

गैरसमज : 'हापूस कसा ओळखावा', 'अस्सल हापूसची ओळख', 'खरा हापूस कोणता' म्हणजे तीन पानं.
वस्तुस्थिती : प्रश्न एकच, तेव्हा पानही एकच. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांतल्या हापूसला २०१८ मध्ये जीआय मिळालं, ही माहितीही त्याच पानात शोभते. निव्वळ निकालांत वर येण्यासाठी घाऊक पानं पाडण्याविरुद्ध गूगलने २०२४ मध्ये स्पॅम धोरण आणखी कडक केलं आहे.

गैरसमज : क्रम एकदा ठरला की ठरला.
वस्तुस्थिती : गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये १६ महिन्यांचे आकडे मिळतात, त्यामुळे गेला हंगाम यंदाशी ताडून पाहता येतो. एखादं पान निकालांत वारंवार येतंय, पण सरासरी स्थान दहाच्या पुढे असेल, तर नवं पान लिहिण्याआधी त्याची डागडुजी करावी. केलेला बदल निकालांत दिसायला काही तासांपासून काही महिन्यांपर्यंत वेळ लागू शकतो, असं गूगलच सांगतं. म्हणून भावाचं आणि ओळखीचं पान मोहोराच्या दिवसांतच तयार हवं. आमरसाच्या कृती मागाहून आल्या तरी चालतील. भावाचं पान मे महिन्यात वर आलं, तर तोवर पेट्या संपत आलेल्या असतील.