न्हावा शेव्यात लसूणघास? आधी एक गुंठा करून बघा!

मित्रांनो, लसूणघासाला मागणी आहे म्हणून लगेच एकरभर जमीन खंडाने घेऊ नका. न्हावा शेव्याकडे खाडीलगतची जमीन खारी, पाऊस धो धो. पाणी साचलं की या पिकाची मुळं कुजतात. त्यामुळे उंचवट्याची, निचऱ्याची जागा शोधा, माती तपासून घ्या. राहुरी विद्यापीठाचा आर.एल. ८८ वाण बहुवार्षिक आहे, पण आपल्याकडे हिशेब एकाच रब्बी हंगामाचा धरा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात गुंठ्याला २५० ग्रॅम बी पुरतं. त्यात अमरवेलाचं बी नाही ना, बघा. पहिली कापणी साधारण ५५ दिवसांनी, पुढच्या २५-३० दिवसांनी. गिऱ्हाइकाला आवर्जून सांगा, नुसता ओला घास पोटभर घातला तर पोटफुगी होते. सुकवून, कडब्यात मिसळून द्या. जनावर दगावलं की गिऱ्हाईक गेलंच समजा! आधी दोन गोठे पक्के करा, मगच बी आणा.