वाहणारा कान आणि स्रावाची तपासणी

कान फुटला की घरातील कोमट तेलाचे दोन थेंब, नाहीतर मागील आजारपणात उरलेली औषधाची बाटली, हा उपाय आजही अनेक घरांत केला जातो. म्हणूनच आमच्या कान-नाक-घसा विभागात येणाऱ्या पालकांना आम्ही प्रथम विचारतो, “कानात काही घातले आहे का?”

हा प्रश्न दोष देण्यासाठी नसतो. कानातील पू वरकरणी सारखाच दिसला तरी त्याचे कारण निरनिराळे असू शकते. दीर्घकाळ वाहणाऱ्या कानात बहुधा स्यूडोमोनास किंवा स्टॅफिलोकोकस हे जिवाणू आढळतात. दमट हवेत ॲस्परजिलस ही बुरशीही वाढते. बुरशीवर प्रतिजैविकाचा उपयोग होत नाही. शिवाय पडद्याला छिद्र असल्यास काही थेंब अंतर्कर्णास अपाय करू शकतात.

प्रत्येक कानाला या तपासणीची गरज नसते. मात्र कान वारंवार वाहत असेल किंवा औषधाने गुण येत नसेल, तर स्रावाचा नमुना घेणे आवश्यक ठरते. डॉक्टर प्रथम बाहेरील भाग स्वच्छ करतात, म्हणजे त्वचेवरील जंतू नमुन्यात मिसळत नाहीत. नंतर निर्जंतुक काडीने आतील स्राव टिपला जातो. शक्यतो दोन काड्या घेतात. एकीचा स्राव काचपट्टीवर पसरून, रंग देऊन त्याच दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला जातो. दुसरीचा स्राव पोषक माध्यमावर लावून 37 अंश सेल्सिअस तापमानात 24 ते 48 तास ठेवतात. वाढलेल्या जिवाणूंवर निरनिराळ्या प्रतिजैविकांच्या चकत्या ठेवल्या जातात; ज्या चकतीभोवती पुरेशा अंतरापर्यंत वाढ होत नाही, ते औषध उपयोगी पडण्याचा संभव असतो. त्यामुळे अहवालास दोन-तीन दिवस लागतात. बुरशीच्या तपासणीस त्याहूनही अधिक.

नमुन्यापूर्वीच प्रतिजैविक दिले गेले असेल तर जिवाणू कानात असूनही प्रयोगशाळेत वाढत नाहीत. अशा वेळी ‘जंतू आढळले नाहीत’ या अहवालाने पालक निश्चिंत होतात आणि आजार मात्र आत चालूच राहतो. दुर्लक्षित कानाचा संसर्ग मागील हाडात, क्वचित मेंदूपर्यंतही पोहोचतो. लहान मुलाचे ऐकणे मंदावले, तर त्याचे बोलणे आणि शिक्षणही मागे पडते.

म्हणून कुटुंबीयांना आमची विनंती आहे की, कानात काहीही घालण्यापूर्वी रुग्णास दाखवावे. औषध सुरू असल्यास ते स्वतःहून बंद न करता बाटली सोबत आणावी. देणगीदारांच्या साहाय्यातून येणारी पोषक माध्यमे आणि औषधी चकत्या या वस्तू दिसण्यास साध्या आहेत. परंतु योग्य औषधाची निवड त्यांच्याच आधारे होते.