गोलरक्षकाचे गुडघे

हॉकीच्या सामन्याची हकिकत सांगताना गोल करणाऱ्याचे नाव प्रथम येते. हैदराबादला मुकेशकुमार ठाऊक आहे. १९९२, १९९६ आणि २००० अशी तीन ऑलिंपिके खेळलेला हा आघाडीचा खेळाडू याच शहरातला. २००३ साली येथे भरलेल्या आफ्रो-आशियाई क्रीडास्पर्धेत भारताने पाकिस्तानला हरवून हॉकीचे सुवर्णपदक मिळवले, हेही पुष्कळांना आठवते. त्या दिवशी गोलवर कोण उभे होते असे विचारले, तर मात्र डोके खाजवावे लागते. गोलरक्षकाकडे लक्ष जाते ते त्याने गोल खाल्ल्यावर. त्याच्या गुडघ्यांकडे तर तो लंगडू लागेपर्यंत कोणाचेच जात नाही.

आपल्याकडे बहुतेक कॉलेजांत गोलरक्षकाचे सामान क्रीडाविभागाच्या कपाटात असते. पायांच्या पॅडांची एक जोडी, एक शिरस्त्राण, हातमोजे, छातीचे कवच. सहा फुटी मुलगा पदवी घेऊन गेला की तीच जोडी साडेपाच फुटी मुलाच्या वाट्याला येते, आणि मुलींचा संघ असला तर त्याच पॅडांत एखादी सव्वापाच फुटी मुलगी उभी राहते. पट्टे ओढून बक्कल शेवटच्या भोकात अडकवले की तयारी झाली असे मानले जाते. या व्यवस्थेत गुडघ्यांचे जे होते त्याविषयी चार गोष्टी सांगावयाच्या आहेत. पॅड कॉलेजचे असावेत याला माझी हरकत नाही. गुडघ्याचे संरक्षण मात्र ज्याचे त्याने, आपल्या मापाचे घेतले पाहिजे, असे माझे मत आहे.

प्रथम हिशेब पाहू. हॉकीचा चेंडू १५६ ते १६३ ग्रॅम वजनाचा असतो. पेनल्टी कॉर्नरवर चांगल्या खेळाडूने मारलेला ड्रॅग-फ्लिक ताशी १०० किलोमीटरहून अधिक वेगाने येऊ शकतो. १६० ग्रॅमचा चेंडू ताशी १०० किलोमीटर वेगाने आला, तर त्याच्यातील ऊर्जा सुमारे ६२ ज्यूल भरते. ज्यांनी विज्ञान सोडून दिले त्यांच्यासाठी सांगायचे तर एक किलोचे वजन सहा मीटरांवरून, म्हणजे साधारण दुसऱ्या मजल्यावरून पडावे तसे. हा चेंडू एका सेंटिमीटरच्या अंतरात थांबला, तर पायावर येणारे सरासरी बल सुमारे ६३० किलोच्या भाराएवढे होते. तीन सेंटिमीटरांत थांबला तर २१० किलोएवढे. जाड पॅडाचे काम एवढेच, की चेंडूला थांबायला थोडी जागा द्यायची.

आता दुसरा हिशेब. साठ किलो वजनाचा गोलरक्षक अर्ध्या बैठकीतून पटकन गुडघ्यांवर येतो, तेव्हा त्याचे शरीर साधारण ३० सेंटिमीटर खाली येते. त्याची ऊर्जा होते सुमारे १७६ ज्यूल. दोन गुडघ्यांत वाटली तरी प्रत्येकी ८८, म्हणजे त्या भयंकर ड्रॅग-फ्लिकपेक्षा जास्त. मांडीचे स्नायू यातला बराच भाग वाटेतच झेलतात म्हणून आपण रोज मोडत नाही. पण चौथ्या सत्रात स्नायू थकलेले असतात, आणि पेनल्टी कॉर्नर काही थकवा पाहून मिळत नाही. शिवाय चेंडू गुडघ्यावर येतो क्वचित, जमीन मात्र प्रत्येक वेळी येते. चेंडूच्या भीतीने आपण समोरून जाड पॅड बांधतो. गुडघ्यांची झीज करते ती बव्हंशी जमीन. खेळातले लोकही हे उलटे समजतात.

ती जमीन कशी आहे यावर पुष्कळ अवलंबून आहे. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकपासून मोठी हॉकी कृत्रिम गवतावर गेली, पण कॉलेजचा सराव अजून मुरमाच्या मैदानावर होतो. मुरमावर घसरले की कातडे सोलते आणि बारीक खडे पॅडाच्या कडेने आत शिरतात. टर्फवर कातडे कमी सोलते, पण चेंडू इतका जलद सरपटत येतो की गोलरक्षकाला आडवे लोळून अडवण्याचा डाव वारंवार करावा लागतो, आणि तेव्हा जमिनीवर आदळते ती गुडघ्याची बाहेरची बाजू, जिथे पॅड नसतेच.

पायाचे पॅड मुळात आले क्रिकेटकडून. आत वेताच्या कांबी, वर कापूस आणि कापड, गुडघ्यापाशी दोन-तीन आडव्या वळकट्या. क्रिकेटचा फलंदाज उभा असतो, त्याला हे पुरते. वाकून बसणाऱ्या गोलरक्षकाच्या गुडघ्यापाशी हे पॅड दुमडते, वळकट्या वर सरकतात आणि वाटी उघडी पडते. शिवाय पावसात कापूस पाणी पितो. मेलबर्न, रोम आणि टोकियो ही तीन ऑलिंपिके खेळलेले आणि १९६६ साली आशियाई सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघाचे नेतृत्व केलेले शंकर लक्ष्मण हे मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेले, महूचे गृहस्थ. १९६४ च्या अंतिम सामन्यात पाकिस्तानला एकही गोल करू न देणारा हा गोलरक्षक फोमच्या आजच्या पॅडांच्या कितीतरी आधीचा.

गुडघ्याचा सर्वांत बारकाईने विचार झाला तो मात्र आपल्या हॉकीत नव्हे, बर्फावरच्या हॉकीत. तिथेही सुरुवात क्रिकेटच्या पॅडांनीच झाली. १८९६ साली विनिपेगच्या संघाचा गोलरक्षक जॉर्ज मेरिट स्टॅन्ली चषकाच्या सामन्यात क्रिकेटचे पॅड बांधून उतरला, ही त्या खेळाच्या इतिहासातली प्रसिद्ध गोष्ट आहे. पुढे १९२० च्या दशकात कॅनडातील हॅमिल्टन गावच्या केनेस्की नावाच्या, घोड्यांचे साज बनवणाऱ्या कारागिराने रुंद चामडी पॅड तयार केले. त्यांत भरायला इतर गोष्टींबरोबर कॅपॉक वापरीत. कॅपॉक म्हणजे आपल्या पांढऱ्या सावरीचा कापूस, ज्याच्या उशा आपल्या आज्या भरीत.

बर्फावर गुडघ्यांना एवढे महत्त्व का, तर तिथले गोल लहान आहे. आपल्या हॉकीचे गोल ३.६६ मीटर रुंद आणि २.१४ मीटर उंच, त्यांचे १.८३ रुंद आणि १.२२ उंच. चेंडूऐवजी कडक रबराची चकती, वजन जवळजवळ आपल्या चेंडूएवढेच. इतके बुटके गोल गुडघ्यांवर बसूनच चांगले झाकता येते. दोन्ही गुडघे एकत्र टेकवायचे आणि नडग्या बाहेरच्या बाजूला फुलपाखराच्या पंखांसारख्या पसरायच्या, अशी ही बैठक, नावही फुलपाखराचेच. एका सामन्यात ती कितीतरी वेळा घालावी लागते. या बैठकीत गुडघ्याची आतली बाजू खाली येते, म्हणून बर्फावरच्या पॅडाला आतल्या बाजूने फोमचा एक ठोकळा असतो आणि गुडघा बर्फावर न टेकता त्यावर टेकतो. पॅडाच्या आत वेगळे गुडघ्याचे कवच असते, ते मांडीच्या खालच्या भागापर्यंत चढते, म्हणजे पॅडाचा वरचा काठ आणि चड्डी यांमध्ये फट राहत नाही.

त्या लोकांचे एक तंत्र आपल्याला चमत्कारिक वाटेल. ते पॅडाचे वरचे पट्टे सैल ठेवतात. पाय आत वळला की पॅड पायाभोवती फिरले पाहिजे. ते आवळून बांधले तर पॅड बर्फाला चिकटते, पाय फिरतो आणि मधल्यामध्ये गुडघ्याच्या आतल्या बाजूचा अस्थिबंध ओढला जातो. ठोकळा फार उंच वा फार बुटका झाला तरी तोच ताण येतो, कधी खुब्यात जातो. लडाखात हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यांवर हा खेळ चालतो आणि भारताचा महिला संघ २०१६ पासून आंतरराष्ट्रीय स्पर्धा खेळतो आहे. हैदराबादेतून त्या बर्फावर कोणी जाईल तो आपले मैदानी पॅड घेऊन गेला तर फसेल, कारण त्यांना आतल्या बाजूचा ठोकळा नसतो. घट्ट पट्टे आपल्या पळण्याला उपयोगी, त्यांच्या बसण्याला घातक. मात्र पॅडाच्या आत वेगळे कवच घालावे, ही त्यांची कल्पना आपण जशीच्या तशी उचलण्यासारखी आहे.

हे कवच निवडायचे कसे? दुकानदार अंगठ्याने दाबून ‘एकदम नरम है’ म्हणतो आणि गिऱ्हाईक खूश होते. नरम आणि आरामशीर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अंगठ्याखाली तळाशी जाणारा स्पंज शरीराच्या भाराखाली क्षणात चपटा होतो आणि मग तो असून नसल्यासारखा. चांगल्या कवचात बाहेर कडक थर असतो, तो आघात पसरवतो. आत मऊ थर असतो, तो त्वचेला लागू देत नाही. दाबून सोडल्यावर फोम लगेच पूर्ववत झाला पाहिजे. अंगठ्याचा खळगा राहिला तर ते ठेवून द्यावे. बंद छिद्रांचा फोम घाम पीत नाही, साधा स्पंज पितो, आणि आपल्या हवेत हा फरक पहिल्या आठवड्यातच नाकाला कळतो.

व्हॉलीबॉलची गुडघ्याची पट्टी पुष्कळ मुले वापरतात. ती हलकी आणि स्वस्त असते, काही नसण्यापेक्षा बरी, पण बाजूने उघडी असते. फरशी बसवणारे कारागीर जी कडक वाटी बांधतात ती याच्या उलट. शहाबादी फरशीवर दिवसभर गुडघे टेकून काम करणाऱ्यांच्या वाटीपुढची पाण्याची पिशवी सुजते, हे पुष्कळांनी पाहिले असेल. त्यांना ती वाटी योग्यच. गोलरक्षकाला मात्र गोल, गुळगुळीत वाटी घातक, कारण ओल्या टर्फवर ती निसटते आणि गुडघा नको तिकडे वळतो. त्याला हवे ते पसरट, वाटीच्या दोन्ही बाजूंना वळलेले कवच.

माप घ्यायला शिंप्याची टेप पुरते. गुडघा किंचित वाकवून उभे राहावे आणि वाटीच्या मध्यापासून दहा सेंटिमीटर वर मांडीचा घेर, दहा सेंटिमीटर खाली पोटरीचा घेर मोजावा. सकाळी नव्हे, सरावानंतर मोजावे, कारण तेव्हा पाय थोडा फुगलेला असतो आणि कवच घालायचे ते त्याच पायात. दोन्ही पाय मोजावेत. ते सारखे नसतात. उंचीवरून आकार ठरवणारे तक्ते मुलींच्या बाबतीत विशेष फसवतात, म्हणून त्यांनी तरी घेराचाच आग्रह धरावा.

खरी परीक्षा बैठकीत होते. दुकानात उभे राहून आरशात पाहण्याने काही कळत नाही. कवच घालून वर कॉलेजचे पॅड बांधावे, पंचवीस बैठका काढाव्यात, दोन्ही बाजूंना चार-चार वेळा गुडघ्यांवर यावे आणि मग पॅड सोडून पाहावे. कवच वाटीवरून दोन बोटे तरी सरकले असेल, तर ते मोठे आहे. गुडघ्याच्या मागे, लवणीत लाल वळ उठला असेल किंवा पायाच्या बोटांना मुंग्या येत असतील, तर ते लहान आहे किंवा पट्टा चुकीच्या जागी आहे. पट्टा लवणीत येऊच नये. एक तिच्या वर आणि एक खाली असावा. आरामशीर कवच ते, जे खेळताना आठवत नाही. टोचणारे कवच खेळाडू दुसऱ्या सत्रात सैल करतो आणि तिसऱ्यात काढून गोलाच्या जाळीमागे फेकतो, मग ते कितीही महाग असो.

कवच काय करीत नाही हेही सांगितले पाहिजे. ते आघात झेलते, पीळ झेलत नाही. टाच जमिनीत रुतून धड फिरले, तर आतले अस्थिबंध आणि कूर्चा यांना कोणतेही पॅड वाचवीत नाही. रबरी पट्टीने गुडघ्याला ऊब मिळते आणि मनाला धीर येतो, इतकेच. त्यासाठी मांडीच्या पुढच्या-मागच्या स्नायूंचा व्यायाम लागतो आणि तो गोलरक्षक सर्वांत कमी करतात, कारण पळायचे काम आपले नाही असा त्यांचा समज असतो. गुडघ्यात ‘टक्’ असा आवाज होऊन काही तासांत तो सुजला, किंवा मध्येच अडकून सरळ होईनासा झाला, तर हळद-तेल चोळत आठवडा काढू नये. अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवावे. एकोणिसाव्या वर्षी दुर्लक्षिलेली फाटलेली कूर्चा चाळिशीत जिना चढताना बोलू लागते.

खर्चाचा प्रश्न खरा आहे. पूर्ण सामानाची जोडी घेणे विद्यार्थ्याच्या आवाक्याबाहेरचे असते, पण गुडघ्याचे कवच हा त्यातला छोटा भाग आहे. क्रीडाविभागाने पॅडांच्या नोंदवहीत एक रकाना वाढवून प्रत्येक गोलरक्षकाची दोन मापे लिहून ठेवली आणि कवच त्याच्या नावावर दिले, तरी चालण्यासारखे आहे. नियमाप्रमाणे पायाचे पॅड ३० सेंटिमीटरपेक्षा रुंद असता कामा नये, तेव्हा आत जाड कवच घालून पॅड फुगत नाही ना, हे एकदा पट्टीने पाहून घ्यावे.

राहता राहिली निगा. सामना संपला की घामाने भिजलेले कवच पिशवीत कोंबून चेन लावायची, ही सार्वत्रिक रीत आहे. त्याने कातडीला खाज सुटते आणि फोम कुजतो. कोमट पाणी आणि साधा साबण पुरे. वाळवावे सावलीत, वाऱ्यावर. एप्रिल-मे मधल्या हैदराबादी उन्हात गच्चीवर टाकलेला फोम कडक होतो आणि मग तडकतो. बैठकीत वाटीखालची जमीन जाणवू लागली, की वरचे कापड नवे दिसत असले तरी आतला फोम संपला असे समजून कवच बदलावे.