दरड पडती की पडलेली?

गो-वेंट-गॉन, ईट-एट-ईटन, कट-कट-कट. महाड-पोलादपूरकडच्या मराठी शाळांतून शिकलेल्या कुणालाही हा पाढा झोपेतही येतो. तिसरं रूप कशासाठी, हे मात्र सांगता येत नाही.

या तिसऱ्या रूपाचं नाव पास्ट पार्टिसिपल, आणि सगळ्यात चिवट गैरसमज असा, की पास्ट पार्टिसिपल म्हणजे भूतकाळ. दोष नावाचाच आहे. पावसाळ्यात वरंध घाट बंद ठेवतात तेव्हा काय म्हणाल? ‘इज क्लोज्ड’ म्हणजे आज बंद आहे, ‘वॉज क्लोज्ड’ म्हणजे बंद होता, ‘विल बी क्लोज्ड’ म्हणजे उद्या बंद राहील. ‘क्लोज्ड’ जागचं हललेलं नाही. काळ दाखवला तो सहायक क्रियापदाने. तसंच ‘इट वॉज रेनिंग’मध्ये ‘आयएनजी’वालं प्रेझेंट पार्टिसिपल आहे, पाऊस मात्र कालचा. क्रिया चालू आहे की पुरी झाली, किंवा ती कुणी करतंय की कुणावर होतेय, एवढंच ही रूपं सांगतात. पडती दरड फॉलिंग, पडलेली दरड फॉलन. आंबेनळी घाटातून जाणाऱ्याला हा फरक शिकवावा लागत नाही.

‘ईडी’वाल्या क्रियापदांत दुसरं-तिसरं रूप सारखंच, म्हणून सगळीकडे तसंच असेल असं वाटतं आणि ‘ही हॅज वेंट टू महाड’ लिहिलं जातं. ‘हॅज’नंतर ‘गॉन’च हवं. कंटाळलेला मुलगा ‘आय ॲम बोरिंग’ म्हणतो, तेव्हा तो स्वतःलाच कंटाळवाणा ठरवतो. म्हणायचं असतं ‘बोर्ड’. आणि प्रत्येक ‘आयएनजी’ पार्टिसिपल नसतं: ‘नो पार्किंग’मधलं पार्किंग चक्क नाम आहे.

खरा चकवा पुढेच आहे. ‘पोलादपूरला जाताना पाऊस लागला’ हे मराठीत बिनचूक, कारण ‘जाताना’चा कर्ता वेगळा असला तरी आपल्याला चालतो. पण ‘गोइंग टू पोलादपूर, इट रेन्ड’ लिहिलंत की इंग्रजी नियमाने ‘गोइंग’ पुढच्या कर्त्याला जाऊन चिकटतं आणि पाऊसच पोलादपूरला निघतो! ‘व्हाइल आय वॉज गोइंग टू पोलादपूर, इट रेन्ड’ असं लिहावं. शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’मध्येही असं लटकतं पार्टिसिपल सापडतं, पण दहावीच्या पेपरात ही सबब चालायची नाही.

गुरुजी-बाईंना एकच विनंती: पाढ्यात ‘गोइंग’लाही जागा द्या आणि प्रत्येक रूपाचं एक तरी वाक्य मुलांकडून करून घ्या.