घरची हवा तपासावी काय?

आषाढाची झड आठ दिवस लागून राहिली, कीं मुंबईच्या घरांत एक ओळखीचा कुबट वास येऊं लागतो. कपाट उघडतांच तो अंगावर येतो. वहाणांवर पांढुरकी लव दिसते, जुन्या पुस्तकांच्या पाठी खरबरीत होतात आणि पश्चिमेकडील भिंतीच्या कोपऱ्यांत काळे ठिपके उमटतात. मागच्या पिढीनें हें सारें पावसाळ्याच्या खातीं मांडलें व दसऱ्याच्या आधीं चुन्याचा हात फिरवून विषय संपविला. हल्लीं तसें होत नाहीं. घरांतलें एखादें मूल रात्रीं खोकूं लागलें आणि डॉक्टरांनीं दम्याचें नांव काढलें, कीं साऱ्यांची दृष्टि त्या ठिपक्यांकडे वळते. आणि नेमकें त्याच वेळीं कोणीतरी सांगतो, कीं घरांतील हवा यंत्रानें तपासून घेतां येते व तींत बुरशी किती आहे तें आंकड्यांत कळतें. परीक्षेला पैसे पडतात. हातीं येतो तो आंकड्यांचा कागद. त्या कागदाचा अर्थ काय, आणि त्याच पैशांत गच्चीची डागडुजी करून घेणें अधिक शहाणपणाचें कीं काय, हें पाहण्यासारखें आहे.

बुरशी ही वनस्पतिहि नव्हे व प्राणीहि नव्हे. जीवसृष्टींत तिचा वर्गच निराळा. तिचे बीजाणु हवेंतून फिरतात. ॲस्परजिलस नांवाची जी बुरशी घरांत नेहमीं आढळते, तिचा एकेक बीजाणु मिलिमीटरच्या तीनशेव्या भागाच्या आसपास भरतो. असे बीजाणु मुळींच नसलेली हवा, गाळून घेतलेल्या हवेच्या खास दालनांखेरीज, जवळ जवळ कोठेंच सांपडत नाहीं. तेव्हां ‘घरच्या हवेंत बुरशी आहे काय’ या प्रश्नाचें उत्तर परीक्षेवांचूनहि देतां येतें : आहे. विचारावयाचा प्रश्न वेगळाच आहे. बुरशी घरांत वाढत आहे काय, आणि वाढत असल्यास तिला पाणी कोठून मिळत आहे?

हवेंतील बीजाणु मोजण्याचा उद्योग आपल्या देशाला नवा नाहीं. डेव्हिड डग्लस कनिंगहॅम या डॉक्टरांनीं कलकत्त्याच्या तुरुंगांच्या आवारांत चिकट द्रव लावलेल्या कांचा हवेंत धरल्या, त्यांवर जें जें चिकटलें तें सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिलें, त्याच्या आकृत्या काढल्या आणि १८७३ सालीं हें सर्व ग्रंथरूपानें प्रसिद्ध केलें. पटकी, अतिसार, हिंवताप यांचें मूळ हवेंतील कणांत असावें अशी त्या काळची समजूत होती. कनिंगहॅमना बीजाणु विपुल सांपडले. पण त्यांच्या कमीअधिक संख्येचा रोगांच्या कमीअधिक प्रसाराशीं कांहींच मेळ बसेना. तें त्यांनीं स्पष्टपणें लिहून ठेवलें. महाराष्ट्रांतहि या विद्येची परंपरा आहे. मराठवाडा विद्यापीठांतील प्राध्यापक एस. टी. टिळक यांनीं तयार केलेलें, हवेंतील कण दिवसेंदिवस अखंड टिपणारें यंत्र त्यांच्याच नांवानें ओळखलें जातें. पिकांवरील रोगांचे बीजाणु केव्हां व किती उडतात याचा माग लावण्यास अशा यंत्रांचा मोठाच उपयोग झाला.

घरोघर केल्या जाणाऱ्या परीक्षेची रीत मात्र याहून पुष्कळच आटोपशीर आहे. एका लहानशा पंपानें खोलींतील हवा ओढून ती चिकट कांचपट्टीवर आदळविली जाते. गति बहुधा मिनिटास १५ लिटर आणि वेळ पांच मिनिटें. म्हणजे एकूण हवा ७५ लिटर. मग ती पट्टी प्रयोगशाळेंत जाते, तेथें बीजाणु मोजले जातात व आंकडा ‘दर घनमीटरास इतके’ असा कळविला जातो. एक घनमीटर म्हणजे १,००० लिटर. म्हणजे पट्टीवर दिसलेला एकच बीजाणु कागदावर १३ होऊन उतरतो. निजावयाच्या खोलींत २० व बाहेरच्या दिवाणखान्यांत ३० बीजाणु मोजले गेले, तर कागदावर अनुक्रमें सुमारें २६७ व ४०० असे आंकडे येतात. वाचणाराच्या काळजाचा ठोका चुकतो; प्रत्यक्षांत फरक असतो तो दहा कणांचा.

शिवाय ही हवा किती? तीन मीटर रुंद, चार मीटर लांब व तीन मीटर उंच अशा खोलींत ३६,००० लिटर हवा मावते. तिच्या सुमारें पांचशेव्या भागाची, आणि तीहि पांच मिनिटांची, ही साक्ष. त्या पांच मिनिटांपूर्वीं कोणी चादर झटकली, केर काढला किंवा पंखा लावला, तर आंकडा कित्येक पटींनीं चढतो. दारें बंद करून सर्व मंडळी स्वस्थ बसली, तर तो उतरतो.

याहून मोठी अडचण अशी, कीं हा आंकडा ताडून पाहावयाला प्रमाणच नाहीं. पिण्याच्या पाण्याला मर्यादा ठरलेल्या आहेत, तशा हवेंतील बुरशीला ठरलेल्या नाहींत. जागतिक आरोग्य संघटनेनें २००९ सालीं घरांतील ओल व बुरशी यांवर मार्गदर्शक ग्रंथ काढला. त्यांतहि सुरक्षित संख्या सांगण्याचें नाकारून ओल टाळा, एवढेंच निक्षून सांगितलें आहे. म्हणून जाणता परीक्षक निदान घराबाहेरच्या हवेचा नमुना त्याच वेळीं घेतो व दोहोंची तुलना करतो. बाहेर क्लॅडोस्पोरियमची जात बहुत आणि आंतहि तीच, तर ती खिडकींतून आलेली, एवढाच अर्थ. बाहेर अल्प असलेली जात आंत विपुल निघाली, तर मात्र घरांत कोठेंतरी वाढ होत आहे असा संशय घेण्यास जागा असते. बाहेरच्या नमुन्यावांचून दिलेला अहवाल पैसे देऊन घेण्याच्या योग्यतेचा नाहीं.

त्यांतहि उणिवा आहेतच. ॲस्परजिलस व पेनिसिलियम यांचे बीजाणु या रीतींत एकमेकांपासून ओळखतां येत नाहींत, म्हणून ते एकाच सदराखालीं मांडतात. ताटलींत खाद्य घालून बुरशी वाढविली तर जाती ओळखतां येतात. पण त्याला आठवडाभर लागतो व तेथें केवळ जिवंत बीजाणूंचीच मोजदाद होते. मेलेला बीजाणु उगवत नाहीं, शिंका मात्र आणूं शकतो! आणि स्टॅकिबॉट्रिस नांवाची जी काळी बुरशी भिजलेल्या जिप्समच्या तक्त्यांवर वाढते, तिचे बीजाणु ओलसर चिकट गोळ्यांत असल्यामुळें सहसा उडतच नाहींत. छताआड ती हातभर पसरलेली असावी आणि हवेच्या अहवालांत तिचें नांवहि नसावें, असें घडूं शकतें. उघडी ताटली टेबलावर ठेवून घरच्या घरीं करावयाच्या ज्या परीक्षा विकावयास असतात, त्यांविषयीं एवढेंच सांगितलें म्हणजे पुरे, कीं ताटलींत कांहीं ना कांहीं उगवतेंच. विकणाराचा सौदा कधींच वायां जात नाहीं.

काळ्या रंगाची धास्ती महाराष्ट्रांत २०२१ सालापासून विशेष वाढली. कोरोनाच्या साथींत म्युकरमायकोसिसनें शेंकडों कुटुंबांना पोळलें आणि ‘काळी बुरशी’ हें नांव घरोघर झालें. परंतु तो रोग भिंतीवरच्या ठिपक्यांतून आलेला नव्हता. म्युकर वर्गाच्या बुरशीचे बीजाणु मातींत व हवेंत सर्वत्र असतात. अनावर मधुमेह आणि स्टेरॉइड औषधांचा भडिमार यांनीं शरीराची तटबंदी ढासळली, तेथें त्यांनीं शिरकाव केला. याचा अर्थ भिंतीवरची बुरशी निरुपद्रवी आहे असा मात्र नव्हे. ओलसर घरांत राहणारांना खोकला, सर्दी, दमा यांचा त्रास अधिक होतो, हें अनेक देशांतील पाहणींतून सिद्ध झालें आहे. इंग्लंडांत रॉचडेल येथें २०२० सालीं बुरशीनें भरलेल्या भाड्याच्या घरांत राहणारें दोन वर्षांचें मूल श्वसनविकारानें दगावलें. चौकशींत मृत्यूचें कारण ती बुरशीच ठरली आणि २०२३ सालीं, ओल व बुरशीची तक्रार घरमालक संस्थांनीं ठराविक मुदतींत निवारली पाहिजे, असें बंधन घालणारा कायदा झाला.

मग घरांत कोणतीं साधनें वापरावीं? पहिलें डोळा व दुसरें नाक. बुरशी दिसत असेल, तर ती आहे हें कळण्यास पंप नको. कोणत्या जातीची आहे हें कळल्यानेंहि उपाय बदलत नाहीं. तिसरें साधन आर्द्रतामापक. हें थोडक्या पैशांत मिळतें व पंपाहून अधिक खरें बोलतें. खोलींतील सापेक्ष आर्द्रता साठ टक्क्यांच्या खालीं राहिली, तर बुरशीला हातपाय पसरणें कठीण जातें. मुंबईच्या श्रावणांत बाहेरचीच हवा ऐंशीच्या पुढें असते, म्हणून त्या दिवसांत खिडकी उघडून खोली वाळत नाहीं. ती थोडा वेळ तरी बंद करून यंत्रानें कोरडी करावी लागते. घरांत वाळत घातलेले ओले कपडे हें तर आर्द्रतेचें मोठेंच भांडार.

चौथी युक्ति अगदीं सोपी आहे. संशयित भिंतीचा वरचा भाग पुसून कोरडा करावा, त्यावर वीतभर पातळ ॲल्युमिनियमचा कागद लावून चारी कडा चिकटपट्टीनें बंद कराव्या व दोन दिवसांनीं पाहावें. कागदाच्या भिंतीकडील अंगास पाणी जमलें असेल, तर ओल भिंतींतून येत आहे. खोलीकडील अंगास जमलें असेल, तर हवेंतील बाष्प थंड भिंतीवर थिजत आहे. डागाची जागाहि बरेंच सांगते. जमिनीलगत कमरेपर्यंत चढलेली ओल पायांतून वर येते. छतावरची गच्चींतून किंवा वरच्या मजल्याच्या न्हाणीघरांतून. कपाटामागची नुसती हवा न खेळल्यामुळें.

हवेची परीक्षा सर्वथा निरर्थक आहे असें नाहीं. कुबट वास हटत नाहीं आणि डाग मात्र कोठेंच दिसत नाहीं, अशा वेळीं; रक्ताच्या कर्करोगानें किंवा अवयवरोपणानें प्रतिकारशक्ति क्षीण झालेला रोगी घरीं आणावयाचा आहे व डॉक्टरांनींच तसें सुचविलें, अशा वेळीं; किंवा मोठी दुरुस्ती झाल्यावर काम नीट झालें कीं नाहीं हें पाहण्यासाठीं ती करावी. परीक्षा करणारा व दुरुस्तीचें कंत्राट घेणारा एकच नसावा, हें सांगणें नको.

बहुतेक घरांत भांडण पाण्याचें असतें. महाराष्ट्रांतील सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणें गच्चीची व बाहेरच्या भिंतींची दुरुस्ती संस्थेकडे असते. तिच्याकडे अर्ज करतांना बीजाणूंच्या अहवालापेक्षां तारीखवार छायाचित्रें, आर्द्रतामापकाच्या रोजच्या नोंदी आणि त्या कागदाखालचें पाणी यांचें वजन अधिक पडतें. पाणी थांबेपर्यंत भिंतीवर नवा रंग चढवूं नये. तो पोपडे धरून खालची बुरशी पुन्हां वर येते. डाग लहान असेल, तर नाकातोंडावर चांगला मुखपट बांधून साबणाच्या पाण्यानें ओलाच घासावा, म्हणजे बीजाणु उडत नाहींत. भिजलेली गादी, उशी वा जाजम दोन दिवसांच्या आंत वाळलें नाहीं, तर त्याचा मोह सोडावा. आणि दम्याच्या मुलाला हें काम चाललें असतां दुसऱ्या खोलींत न ठेवतां शेजारींच पाठवावें.