पांढरं गिळणारं आभाळ

सहलीहून परतलेल्या मंडळींचे फोटो व्हॉट्सॲपवर येतात, सोबत एकच ओळ: ‘काका, हा कुठला?’ सावंतवाडीत फोटो स्टुडिओ चालवण्यात माझं उभं आयुष्य गेलं, पक्ष्यांचा नाद त्यानंतरचा. त्यामुळे आधी मी पक्षी पाहतच नाही. उजेड कुठून आलाय ते पाहतो.

परवाचाच फोटो घ्या. दांडेलीजवळ काळी नदीवरून उडणारा धनेश, मागे पांढरंफटक आभाळ. पक्षी म्हणजे नुसती काळी आकृती आणि शेपूट काडीसारखी बारीक. त्या रानात धनेशाच्या चार जाती आहेत, पण इतकी बारीक शेपूट एकीचीही नाही. मग झालं काय? आभाळ जळालं, असं आम्ही स्टुडिओवाले म्हणतो. कॅमेऱ्याने ते इतकं उजळ घेतलं की पांढरी पिसं त्यातच विरून गेली. मलबारी कवड्या धनेशाच्या शेपटीची मधली पिसं काळी, कडेची पांढरी. कडेची गेली की उरते ती काडी. मोबाइलमध्येच हायलाइट खाली ओढले, तेव्हा काडीच्या दोन्ही बाजूंना पुसटशी कड उमटली. महाधनेशाची गोष्ट वेगळी. त्याची शेपूट पांढरी आणि तिच्यावर आडवा काळा पट्टा. पांढरं गेलं तर तो पट्टा अंगापासून सुटून अधांतरी दिसतो. शिवाय त्याच्या पंखावर मधोमध पांढरा पट्टा असतो, कवड्याच्या फक्त मागच्या कडेला पांढरं. ‘खूप मोठा होता हो!’ याला मात्र मी फारशी किंमत देत नाही. मोकळ्या आभाळात मोठं कशाच्या मानाने?

दाट झाडीत भानगड उलटी. पानांतून गाळून आलेला उजेड हिरवट असतो, त्यात लाल रंग मातकट पडतो. म्हणून कर्णा या पक्ष्याच्या फोटोत पोटाचा रंग मी शेवटी बघतो. नराचं पोट किरमिजी, मादीचं तपकिरी-पिवळसर. हिरव्या सावलीत दोन्ही सारखीच दिसू शकतात. नराच्या काळ्या डोक्याखाली छातीवर पांढरा पट्टा असतो, तो दिसला की वाद मिटला. पण हा पक्षी बहुधा पाठ करून बसतो! लांब शेपूट आणि ताठ बैठक यांवरून ‘कर्णा’ म्हणता येतं. नर की मादी, तिथे मी हात टेकतो. ‘नक्की नाही’ असं लिहून पाठवलं की काहींना राग येतो. येऊ दे.

मर्लिनसारखं पक्षी ओळखणारं ॲप आधी ठिकाण आणि तारीख विचारतं, ते उगाच नव्हे. मलबारी राखी धनेश पश्चिम घाट सोडून जगात कुठेच नाही; जागा कळली की निम्मी नावं आपोआप गळतात. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की तो दाबला जातो आणि आतली ठिकाणाची नोंदही जाते. म्हणून डॉक्युमेंट करून पाठवा. आणि हललेले, फांदीआडचे म्हणून जे डिलीट करता, तेही सगळे पाठवा. पाठमोरा कर्णासुद्धा मान वळवून बघतो. एखाद्या फ्रेममध्ये छातीवरचा तो पट्टा सापडून जातो.